पाय काही उतरले नाहीत

काचीगुड्याची आमची दोन खोल्यांची जागा स्टेशनला इतकी लागून होती, की गाडी फलाटाला येताना मांडणीवरची फुलपात्री किणकिणायची आणि नवख्या पाहुण्याला वाटायचं, भूकंप झाला. आम्हाला त्याचं काही नव्हतं. बोलता बोलता गाडी आली की आम्ही सगळे वाक्याच्या मध्येच थांबायचो आणि गाडी गेली की उरलेलं वाक्य पुरं करायचो. ही खोड इतकी अंगात मुरली होती, की उदगीरला मामाकडे गेलो तरी सुटायची नाही. मामा म्हणायचा, "तुम्ही काचीगुड्याची माणसं मधेच अडकता का रे? रेडिओ बिघडल्यावानी?" आम्ही चौघं होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, सुलतान बाजारातल्या एका जुन्या कापडाच्या दुकानात विक्रीवर होते. आई घरी. मी थोरली, संगीता, आणि माझ्यामागची उज्ज्वला, जी वेताच्या छडीसारखी सडसडीत होती आणि दिवसभर खात असायची.

आमच्या घरचं जेवण अर्धं उदगीरचं आणि अर्धं हैदराबादचं. ज्वारीच्या भाकरीबरोबर खट्टी दाल, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, रविवारी बगारा भात. आई सगळ्यांना वाढायची, शेवटी चतकोर भाकरी घेऊन ओट्याशी उभ्यानंच खायची आणि वर म्हणायची, "मला नक्को. माझं अंग बघा की." आईचं अंग म्हणाल तर वरून अगदी बारीक. मनगटं नाजूक, गळ्याची हाडं दिसायची. पण कमरेखाली ती एकदम रुंद होत गेलेली. संध्याकाळची कामं आटोपली की ती खाटेवर टेकायची आणि पाय उचलून समोरच्या पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवायची. ठेवायची म्हणजे दोन्ही हातांनी एकेक पाय धरून वर घ्यायची, आणि लगेच साडी ओढून बोटांपर्यंत झाकायची. घोट्याच्या वरचा आईचा पाय आम्ही मुलींनीही कधी पाहिला नव्हता. दिवाळीला नमस्कार करताना ती पावलं पुढे करायची. चुकून कुणाचा हात वर घोट्याला लागला तर "स्स" करून पाय मागे घ्यायची. आम्ही समजायचो, आईला गुदगुल्या होतात.

मला न्हाण आलं त्या वर्षापासून माझेही पाय भरायला लागले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण माझा चेहरा आणि हात होते तसेच राहिले. मग सलवार मांडीवर घट्ट व्हायला लागली आणि कंबरेला सैल. चुडीदार तर मला कधीच चढला नाही, पोटरीवर येऊन अडायचा. मात्र पाऊल माझं उज्ज्वलाएवढंच. आम्ही दोघी एकमेकींच्या चपला घालायचो. घोट्यापाशी पाय अचानक संपायचा, जसं काही कुणी वरून जाड पायमोजा गुंडाळत आणला आणि घोट्यावर सोडून दिला. त्याच्याखाली लहान मुलीचं पाऊल. पैंजण त्या वळीच्या खाली पावलावर पडून राहायचे. शिवाय पाय दुखायचे. बाकाची कड लागली तरी दुसऱ्या दिवशी तिथे निळा डाग. शेजारचं तान्हं मूल मांडीवर घेतलं आणि त्यानं नाचायला पाय झाडले की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. हातानं चाचपलं तर कातडीखाली भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे लागायचे. मला वाटायचं, जाड माणसांचं असंच असणार. जाड माणसाला विचारायची सोय नव्हती, कारण आमच्या ओळखीत जी खरोखर जाड माणसं होती ती गालांपासून पोटापर्यंत सगळीकडून जाड होती, आणि आनंदात होती.

त्याच सुमारास शहराची चाल बदलत होती. गच्चीगच्चीवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या. अण्णांच्या दुकानात पूर्वी लग्नसराईत बसायला जागा नसायची. आता पोरी दारातूनच विचारायच्या, "जीन्स है क्या?" आणि नाही म्हटलं की पुढे जायच्या. अण्णा घरी येऊन सांगायचे, "कापड हातात घेऊन बघायलाच कुणी तयार नाही. लोकांना शिवलेलंच पाहिजे." दिलसुखनगरला कंप्युटरच्या क्लासांच्या पाट्या एकावर एक चढत होत्या. मी बी.कॉम.ला होते. सगळे म्हणाले, कंप्युटर शिक, म्हणून मीही एका क्लासात नाव घातलं. काचीगुड्याहून बसमध्ये उभ्यानं जायचं. चादरघाट, मलकपेट करत दिलसुखनगर येईपर्यंत माझे पाय पाण्यात भिजलेल्या गोणपाटासारखे व्हायचे. पण क्लासातल्या थंड खोलीत, त्या हिरव्या अक्षरांसमोर बसले की मला बरं वाटायचं. तिथे पाय टेबलाखाली असायचे.

शेजारच्या सरोजम्मा चांगल्या बाई होत्या, पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. एकदा मी नळावर कपडे धूत असताना त्यांनी माझ्या पोटऱ्या पाहिल्या आणि आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बोदकालु तो नै ना? जल्दी दिखाओ." तेलुगूत हत्तीरोगाला बोदकालु म्हणतात, हे आमच्या बस्तीत लहान पोरांनाही माहीत होतं, कारण गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका म्हाताऱ्याचा एक पाय तसा होता. आई घाबरली. जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. मग त्यांनी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मी दिवसभर न्हाणीघराकडे पळत राहिले आणि पाय होते तसेच राहिले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा." ते माझ्याकडे न बघता आईकडे बघून म्हणाले, आणि आईनं मान खाली घातली.

त्यानंतर निजामाबादची मंडळी मला बघायला आली. मी साडी नेसले होते, चहा दिला, विचारलं त्याची उत्तरं दिली. मुलाच्या आत्याबाई फार चौकस. त्यांनी मला गच्चीवरचं तुळशीचं झाड दाखवायला सांगितलं. तुळस बघायची नव्हती, माझं चालणं बघायचं होतं. जिन्यावर मी निऱ्या उचलल्या आणि त्या मागून येत होत्या. मंडळी निघाली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कप विसळत होते. खाली आत्याबाई कुणाला तरी सांगत होत्या, "वरची एक पोरगी आणि खालची दुसरी. दोघी जोडून शिवल्यासारखी." मी नळ बंद केला. त्या वेळी एखादी गाडी आली असती तर किती बरं झालं असतं, पण दिवसभर घर हलवणाऱ्या त्या गाड्यांपैकी तेव्हा एकही आली नाही. आई माझ्या मागेच उभी होती. तिनंही ऐकलं होतं. तिनं माझ्या हातातला कप घेतला आणि स्वतः विसळायला लागली.

आमच्या कंप्युटर क्लासच्या वरच्या मजल्यावर नुकतंच एक वजन उतरवायचं केंद्र निघालं होतं. काचेचं दार, भिंतभर आरसे, आतून टेपवर ढणढण गाणी. मी अण्णांना विचारलं आणि त्यांनी एक शब्द न विचारता फी भरली. तिथल्या मॅडम गोड बोलायच्या. "सिर्फ नीचे का प्रॉब्लेम है ना? मशीन से पिघल जाएगा." मशीन म्हणजे एक रुंद कॅनव्हासचा पट्टा. तो मांडीभोवती घालून बटण दाबलं की तो थडथड हलायचा. दुसरं एक लाकडी लाटण्यांचं यंत्र होतं, त्यावर पाय लोळवायचे. इतर बायका त्यावर हसत-बोलत असायच्या. मी ओढणीचं टोक दातात धरून उभी असायचे. मला खरंच वाटायचं की सगळ्यांना एवढंच दुखत असणार आणि त्या माझ्यापेक्षा सोशिक आहेत. घरी येऊन बघायचे तर मांड्यांवर निळे, हिरवे, पिवळे पट्टे. मी ते कुणाला दाखवले नाहीत.

खाण्याचा तक्ताही मॅडमनीच सांगितला. उकडलेला दुधी, काकडी, ताक. भाकरी बंद, भात बंद. आईनं पहिल्याच दिवशी माझ्यासाठी दुधी उकडला आणि स्वतःच्या ताटलीतही तोच घेतला. "तुला एकटीला कशाला," म्हणाली. उज्ज्वला आणि अण्णा खट्टी दालीशी भाकरी कुस्करायचे आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे न बघता दुधी चावायचो. आज मी आजूबाजूला बघते, उपाशी राहण्याची आता किती तरी नवी नावं निघाली आहेत. माझ्या भाचीच्या वयाच्या मुली ती अभिमानानं सांगतात, आणि मला दरवेळी त्या दुधीचा मचूळ वास येतो.

मी उतरले, हे खरं. गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, ब्लाऊजला टिपा घालाव्या लागल्या. डोक्यावरचे केस विंचरताना झुपकेच्या झुपके हातात यायचे. उज्ज्वला म्हणाली, "ताई, तुझं तोंड अण्णांच्या रेशन कार्डवरच्या फोटोसारखं दिसतंय." पण पाय काही उतरले नाहीत. उलट वरचं अंग आटल्यावर ते आणखीच मोठे दिसायला लागले. एक दिवस मॅडमनी मापाची टेप काढली, मांडीला गुंडाळली आणि त्यांच्या आवाजातला गोडवा गेला. सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "घर में छुपके कुछ तो भी खारे आप. सच बोलो. मशीन झूठ नहीं बोलती." मी म्हटलं, "नहीं खाती, मॅडम." त्या हसल्या. त्या हसण्याला बाकीच्या दोघी-तिघी सामील झाल्या. बसमध्ये येताना मला भोवळ आली आणि एका बाईनं मला तिच्या जागी बसवलं. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं आणि मग सलवार वर करून ते पट्टेही दाखवले. आईनं त्यांच्यावरून हात फिरवला. इतका हलका, की ती जणू काही स्वतःच्याच दुखऱ्या जागेवरून फिरवत होती. मग म्हणाली, "उद्यापासून नको जाऊस." एवढंच. अण्णा दाराशी उभे होते. त्यांनीही ते पट्टे पाहिले आणि चपला घालून बाहेर निघून गेले.

माझ्या पायांचं जे काही भलं झालं ते अण्णांमुळे, हे मी नेहमी सांगते. त्यांच्या दुकानात एक डॉक्टरीणबाई यायच्या. पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या, डोक्यावरून ओढणी. त्या मांजरपाटाचा तागा घ्यायच्या आणि दुकानातच त्याच्या लांब लांब पट्ट्या फाडून मागायच्या. अण्णा कितीतरी महिने निमूट फाडून देत होते. एवढ्या पट्ट्यांचं काय करता, हे विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण माझे पट्टे पाहिल्यानंतर त्या आल्या तेव्हा अण्णांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "पाँव बांधती हूँ लोगों के. सूजे हुए पाँव." अण्णा कात्री खाली ठेवून म्हणाले, "मेरे बच्ची के पाँव देखते क्या, डॉक्टरसाब?" हे अण्णांनी आम्हाला सांगितलं नाही. नंतर त्या बाईंनीच, म्हणजे डॉ. कुलसुमनी, सांगितलं.

डॉ. कुलसुम कितीतरी वर्षं जर्मनीत होत्या. वडील आजारी पडले म्हणून परत आल्या आणि हैदरगुड्याला त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढून बसल्या. भिंतीवर काही नाही, एक पंखा, एक उंच टेबल, आणि खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. आई माझ्याबरोबर आली होती. डॉक्टरांनी मला टेबलावर बसवलं आणि आधी पायांकडे बघितलंच नाही. कधीपासून, कसं वाढलं, सकाळी उठल्यावर कमी असतं का, मार न लागता निळं पडतं का, असं विचारत राहिल्या. मी काय खाते ते विचारलं आणि माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "खून नहीं है बच्ची में," आईला म्हणाल्या. मग माझ्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची कातडी चिमटीत धरून उचलली. ती सहज उचलली गेली. "देखो अम्मा. हत्तीपाँव में ये चमड़ी अक्सर ऐसी चिमटी में नहीं आती. और वो पंजे पे भी चढ़ता. इसका पंजा देखो, कैसा साफ है." नडगीवर अंगठा दाबून धरला आणि सोडला. खळगा पडला नाही. "पानी की सूजन भी नहीं." मग मांडीची चरबी दोन बोटांत नुसती धरली आणि मी कळवळले. त्यांनी लगेच हात काढला. "साधी चरबी को ऐसे पकड़े तो कोई नहीं चिल्लाता, बेटा," म्हणाल्या आणि स्वतःच्या दंडाची चरबी चांगली पिळून दाखवली.

मग त्यांनी विचारलं, "घर में और किसी के पाँव ऐसे हैं?"

मी आईकडे बघितलं. आई पंख्याकडे बघत होती. "नहीं," ती म्हणाली.

डॉक्टर थांबल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कुंडीतल्या झाडाचं एक वाळकं पान खुडलं, टेबलावरचं सामान नीट लावलं. आई उठली. तिनं जाऊन दाराला कडी घातली, परत खुर्चीपाशी आली आणि उभ्या उभ्याच दोन्ही हातांनी साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली.

मी तेव्हा विशीत होते आणि आईचे पाय पहिल्यांदा पाहत होते. ते माझेच पाय होते, फक्त पुढच्या काळातले. तीच घोट्यावरची वळी, तेच खाली लहान पाऊल, आणि वर गुडघ्यांच्या आतल्या बाजूला लोंबणारे गोळे, निळ्या डागांनी भरलेले. मला रडू यायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. मला फक्त इतकं वाटलं, की हिला किती वर्षं हे एकटीला झाकावं लागलं.

डॉक्टर खुर्ची सोडून सरळ जमिनीवर बसल्या आणि आईच्या पायांकडे बघू लागल्या. "कब से, अम्मा?"

"शादी के पहले से. ये पेट में थी तब और बढ़े."

"दुखते?"

आईला तो प्रश्न समजलाच नाही. ती माझ्याकडे वळली, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाँव है तो दुखतेच ना, डॉक्टरसाब? सबके दुखते."

"नहीं अम्मा," डॉ. कुलसुम म्हणाल्या. "सबके नहीं दुखते."

आईनं साडी सोडली आणि ती खुर्चीवर बसली. तिनं दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवले.

त्या दिवशी मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला, लिपेडिमा. डॉक्टरांनी सावकाश समजावलं. हा चरबीचाच आजार, पण खाण्याच्या चरबीसारखा नाही. जवळजवळ नेहमी बायकांनाच होतो. न्हाण येताना, बाळंतपणात, पाळी जाताना असा अंगात बदल होण्याच्या वेळी तो सुरू होतो किंवा वाढतो. आईकडून मुलीकडे येतो, बापाच्या घराकडूनही येतो. दोन्ही पाय सारखेच भरतात, पावलं सुटतात, हात लावला तरी दुखतं, निळं पडतं. खाण्यानं माणूस जाड झालं तर ते सगळीकडून होतं आणि खाणं कमी केलं की सगळीकडून उतरतं. इथे उपाशी राहिलं तर तोंड आणि छाती आटते, पाय तिथेच. "भूखे रहके ये नहीं पिघलता," त्या मला म्हणाल्या. "तुम झूठ नहीं बोल रहे थे." त्या केंद्रातल्या मॅडमची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. मी तिथेच हमसून रडले, कारण इतके दिवस मला स्वतःलाही शंका यायला लागली होती, की मी झोपेत उठून काही खाते की काय.

आईनं एकच विचारलं. "तो ये खाने से नहीं हुआ?"

"नहीं अम्मा. वजन बेहिसाब बढ़े तो इन पाँव को तकलीफ ज्यादा होगी, गुडघे जाएँगे, वो ध्यान रखना. लेकिन हुआ वो खाने से नहीं."

बरा होतो का, हे मी विचारलं. त्यांनी खोटी आशा दिली नाही. गोळी नाही, मलम नाही. बरा होत नाही, आवरता येतो, म्हणाल्या.

येताना ऑटो नारायणगुड्याला आला तेव्हा आई म्हणाली, "तुझी आजी मला भरलेलं पोतं म्हणायची. म्हणायची, चोरून खाते. मला वाटायचं, असेलही. स्वयंपाक करताना एखादा घास जातच असेल तोंडात." संध्याकाळी तिनं भाकऱ्या थापल्या, अंबाडीला फोडणी दिली आणि सगळ्यांची पानं मांडताना स्वतःचंही मांडलं. ती आमच्याबरोबर जेवायला बसली. अण्णांनी चटणीची वाटी उचलून तिच्या पानाशी ठेवली. तिनं पोटभर खाल्लं.

मग आमची शिकवणी सुरू झाली. डॉ. कुलसुमनी आम्हा दोघींना पट्ट्या बांधायला शिकवलं. आत मऊ मांजरपाट, वर ताणाची पट्टी. बोटांच्या मुळापासून सुरुवात, खाली घट्ट आणि वर जाताना जरा सैल. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या मी आईचे बांधायचे आणि आई माझे. पुढे मद्रासहून मापाचे घट्ट पायमोजे मागवले. पहिल्यांदा ते चढवताना आई म्हणाली, "मला चरकात घातलं की गं." हैदराबादच्या मे महिन्यात ते घालणं म्हणजे शिक्षाच, पण ज्या दिवशी घातले नाहीत त्या संध्याकाळी फरक कळायचा. माझ्या पायांना मालीश करायला एक बाई लावली होती, ती डॉक्टरांनी बंद करायला लावली. जोरानं रगडायचं नाही, मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात खालून वर फिरवायचा, असं त्यांनी शिकवलं. पाय बारीक झाले नाहीत. ते आजही नाहीत. पण निळे डाग कमी झाले, संध्याकाळचा ओझ्यासारखा जडपणा उतरला आणि मी दिलसुखनगरपर्यंत बसमध्ये उभी राहून तक्रार न करता जायला लागले. कंप्युटरचा क्लास मी पूर्ण केला आणि त्याच जोरावर मला पहिली नोकरी लागली.

आता आपल्या शहरातही बारीक नळीनं ती चरबी काढणारे सर्जन आहेत. चाळिशीनंतर मी मांड्यांचं ते करून घेतलं. दुखणं पुष्कळ हलकं झालं, पण पायमोजे काही सुटले नाहीत, हे लिहितानाही पायांत आहेत. माझ्या नवऱ्यानं लग्न ठरताना पहिल्यांदा ते पाहिले आणि विचारलं, "हे काय?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं. धुवायचे कसे असतात?" मला तेवढं पुरलं. कधी कुणाच्या लग्नात एखादी मुलगी लांब घागरा घालून, पाय अवघडून बसलेली दिसते. मी तिच्या शेजारी जाऊन बसते आणि हळूच विचारते, "दुखतात का गं?" बहुतेक जणी नाही म्हणतात. एखादी माझ्याकडे वळून बघते.

पण मला सांगायचं होतं ते पाण्याचं. डॉ. कुलसुमचं म्हणणं होतं, पाण्यात चालण्यासारखा या पायांना दुसरा व्यायाम नाही. पाणी चारही बाजूंनी दाबतं आणि भारही उचलतं. त्यांच्या ओळखीनं मुलींच्या एका वसतिगृहाच्या तलावावर दुपारी बायकांची वेळ मिळाली. आई म्हणाली, "या वयात? पोहायला?" मी म्हटलं, "पोहायचं नाही, चालायचं." तरी तिची ना होती, कारण साडीत पाण्यात उतरता येणार नव्हतं. अण्णांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून गडद निळं, जाड, अंगाला न चिकटणारं कापड आणलं. ते त्यांनी निवडून, हातात घेऊन, उजेडाला धरून आणलं होतं. त्याचा ढगळ सलवार-कुर्ता शिवून घेतला. आईच्या आयुष्यातला तो पहिला. घालून ती आरशासमोर गेलीच नाही, वर साडी गुंडाळून तशीच निघाली.

तलावावर दोन-तीन पोक्त बायका होत्या आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी आधी उतरले. आईनं साडी सोडून घडी घालून काठावर ठेवली आणि माझं मनगट धरून एकेक पायरी उतरली. पाणी गुडघ्याला लागलं तशी दचकली. कमरेला आलं तेव्हा देवाचं नाव घेतलं. छातीपर्यंत आलं आणि ती थांबली. मला वाटलं, घाबरली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तर ती कान देऊन काहीतरी ऐकत असावी तशी उभी होती.

"संगे," ती म्हणाली, "माझे पाय आहेत ना गं?"

"म्हणजे?"

"लागतच नाहीत. बघ जरा."

मी खाली पाण्यात बघितलं. निळ्या कापडात फुगलेले, हलणारे तिचे पाय. "आहेत, आई," मी म्हटलं.

तिनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग माझं मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी पाणी बाजूला सारत ती एकटीच पलीकडच्या काठाकडे चालत निघाली.